खुर्चीसकटचा फोटो

मंगळवार, १२ जानेवारी १९९९, डोंबिवली

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या वधूवर मंडळाची वेबसाइट होतेय, म्हणून आठवडाभर मी मुलींचे फोटो स्कॅन करून बारीक करतेय. आधी पोस्टाच्या तिकिटाएवढा नुसता चेहरा, त्यावर क्लिक केलं की उभा, पूर्ण फोटो. अमेरिकेतल्या मुलांना पान झटपट उघडायला हवं ना!

आज माझाच फोटो हातात आला. स्टुडिओतला, हिरव्या साडीतला. एक हात खुर्चीच्या पाठीवर, कारण लहानपणीच्या पोलिओमुळे डाव्या पायात जोर नाही. मंडळ चालवणारे काका मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "अगं, तुझा चेहराच ठेव फक्त. मोठा नको. पान तेवढंच हलकं होईल."

हलकं! एका खुर्चीचं एवढं वजन? बाकीच्या मुली पायापर्यंत दिसणार आणि मी गळ्याशीच संपणार?

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, चिडेल. तर मेथी निवडता निवडता म्हणते, "बरोबरच आहे त्यांचं. आधी चेहरा तर आवडू दे कुणाला. पायाचं मग सांगू."

मग म्हणजे कधी? मी चहाचा ट्रे घेऊन चालत बाहेर आल्यावर?

पुढचं तिला बोललेच नाही. दुपारी काका जेवायला गेलेले, तेव्हाच मी मोठा फोटो साइटवर चढवला होता. खुर्चीसकट. बारीकही केला नाही, स्कॅन केला तसाच, अवजड. उघडायला खूप वेळ लागेल. लागू दे. मुलगी बघायचीय ना? मग बसा वाट बघत.