स्टेशनामागची विहीर

७ एप्रिल, मंगळवार
नागपुरातल्या मनीषनगरहून बसने गावी. नॅरोगेजची छोटी लाईन बंद झाल्यापासून आमच्या स्टेशनात पाय ठेवला नव्हता. मोठ्या लाईनीचं नवं स्टेशन चकाचक, तक्रार नाही. पण दाराशी सिमेंटची खोटी विहीर. वर रहाट, रंगवलेला दोर, फोटो काढायला ओटा. पाटी : 'जुन्या स्टेशनाची आठवण'. आणि खरी विहीर मागे, पाण्याने भरलेली, तिच्याशेजारी मुरमाचे ढीग. बुजवून गाड्या लावायला जागा करणार म्हणे. डोकं फिरलं.

८ एप्रिल
पाटीवर मालगुजाराचं नाव आहे, जमीन दिली म्हणून. दिली असेल. त्याच्याच विहिरीवर आमच्या आयांना हंडा टेकवू देत नव्हते, ते कोण लिहिणार? स्टेशनची विहीर रेल्वेची, म्हणजे कोणाच्या बापाची नाही. अख्खी वस्ती तिथलं प्यायली. छप्पनला दीक्षेसाठी नागपूरला निघाले तेव्हाही इथलंच पाणी पिऊन गाडी धरली, आई सांगायची. घरी बाळंतीण असली की ड्रायव्हर इंजिनातलं कढत पाणी हंड्यात सोडायचा. माझी पहिली आंघोळ त्याच पाण्याची. पाटीवर यातलं एक अक्षर नाही.

१० एप्रिल, शुक्रवार
कामावरच्या इंजिनिअरला भेटले. खुर्ची, चहा, सगळं. "मॅडम, ती विहीर वापरात नाही. कोण पाणी भरते तिथं? आणि समोर बनवली ना आम्ही, तिच्यापेक्षा चांगली."
चहा तसाच ठेवून उठले. नळ आले म्हणून विहीर मेली?
आईच्या धाकट्या बहिणीला, सुभद्रामावशीला, सांगितलं. तिची अर्धी हयात त्या काठावर गेली. मला वाटलं रडेल. म्हणाली, "कोनी भरत नाही म्हन्ते ना? मंग आपन भरू वं. दोर कुठी हाये, पाह्य."

१३ एप्रिल
मावशीकडेच मुक्काम. रोज सकाळी ती विहिरीवरून पाण्याचे दोन पितळी गुंड भरून आणते, गुडघे दुखतात तरी. आता वस्तीतल्या बायाही येतात. स्टेशनवरच्या एकाने विचारलं, "काहून बाई, नळाले पानी नाही का?"
मावशी म्हणाली, "हाये. विहिरीलेबी हाये."

१५ एप्रिल, बुधवार
काल जयंती. मिरवणुकीला हेच पाणी पाजलं.
आज जेसीबी आला. मावशी पाणी ओढत होती, ओढतच राहिली. ऑपरेटर कुहीकडचा, धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरचा. उतरून आत डोकावला. मावशीने पाण्याने भरलेला गडवा पुढे केला. "घे गा, ऊन हाये."
प्यायला. मग इंजिनिअरला फोन : "साहेब, विहीर जिती हाये. जित्या विहिरीत माती टाकत नसतेत आमच्याकडं. माह्या हातून नाही होत." मशीन तिथेच सोडून गेला.

संध्याकाळी इंजिनिअर स्वतः येऊन सांगून गेला, उद्या दुसरा ऑपरेटर येईल. आवाज चढवला नाही, त्याचाच जास्त राग आला. मी बोलत सुटले, काय बोलले आठवत नाही.
मावशीने गडवा घासला, विहिरीच्या काठावर पालथा ठेवला.
"उद्या येईन त्यालेबी तहान लागनच," म्हणाली.