ओडेटच्या दारातला निखारा

प्रिय ओडेट,

आधी खुर्चीत बस. खिडकीजवळच्या त्या मोठ्या खुर्चीत, पाठ टेकून, पाय वर घेऊन. बसलीस? मग ऐक. तुला कुठेही जायचं नाहीये. धावपळ करायला इथे मी आहे, आणि ती मी जन्मभर पुरेशी केली आहे.

आज शुक्रवार. चर्चपासून समुद्राकडे उतरणारी आपली गल्ली ऊन कलताच गाड्यांना बंद झाली, आणि मी माझ्या दारात बिअरच्या उलट्या क्रेटवर बसून हे लिहितेय. मांडीवर मासे कापायचा पाट आहे, पाटावर कागद. तू म्हणशील, फिलो आणि शुक्रवारी बसलेली? तब्येत बरी आहे ना हिची? तब्येत ठणठणीत आहे, पण बसवत नाही हे खरं. दोन ओळी झाल्या की उठते, जाळीवरची तांबोशी उलटवते, शेजारी तुझ्या दारात डोकावते आणि परत येऊन बसते. डोकावायचं नाही असं स्वतःला बजावलंय, तरी मान वळतेच. कागदावर तेलाचे डाग दिसतील, ते माझे. मिरचीचा वास येईल, तोही माझाच.

लेऑन्सने दुपारपासून स्पीकर लावून डोकं उठवलंय. लेऑन्स म्हणजे आपला चुलतभाऊ, ज्याच्या अंगात हाडं कमी आणि गाणी जास्त. आधी तो धांगडधिंगा लावतो, म्हणजे हॉटेलातून व्हॅन भरभरून आलेले पाहुणे खूश. मग अंधार पडला की आपल्यासारख्यांसाठी अमेरिकेतल्या घोडेवाल्यांची ती रडकी गाणी, ज्यांच्यावर सगळा गाव कंबर धरून संथ नाचतो. पाहुणे उन्हाने लालबुंद झालेले. दर माणूस विचारतो, हे तिखट आहे का, आणि आम्ही सगळ्या एका सुरात सांगतो, छे, अजिबात नाही. मग आंबाड्याच्या सरबताचे पेले भराभर खपतात. समोरच्या पिंपात नीरफणस भाजतायत, त्यांची सालं करपल्याचा वास गल्लीभर आहे. खाऱ्या माशाचे वडे आज मी जरा मोठे केलेत. तू असतीस तर म्हणाली असतीस, अगं हे वडे आहेत की उशा.

आता निखाऱ्याचं सांगते. तुला हे सगळं ठाऊक आहे, पण ऐकायला बरं वाटतं, म्हणून सांगते. आपल्या गल्लीत शुक्रवारी काडेपेटी फक्त मा तितीन वापरते, कारण ती सर्वांत थोरली आणि तिचं घर वरच्या टोकाला. तिच्या जाळातला निखारा चिमट्यात धरून खालची शेजारीण नेते, तिच्याकडून तिच्या खालची, असं करत जाळ समुद्रापर्यंत उतरतो. देणारी घराचं नाव घेऊन विचारते, अमकीचं दार? घेणारी आपल्या पायरीवरून म्हणते, उघडं आहे. उत्तर आलं की निखारा मिळतो. उत्तर आलं नाही तर निखारा ते घर ओलांडून पुढे जातो. आणि मच्छीमारांच्या सणाला, पाद्रीबाबा बोटींवर पाणी शिंपडतात त्या दिवसापर्यंत, दारातून कुणी बोललंच नाही, तर त्या दारापुढची जागा गल्लीची होते. मग ती गल्ली देईल त्याची. एकीने एकच जाळ सांभाळायचा आणि उत्तर त्या घरात झोपणाऱ्या माणसानेच द्यायचं, हेही ठरलेलं आहे. आई होती तेव्हापासून ठरलेलं आहे.

तू केर्विनकडे, तुझ्या मुलाकडे, बर्मिंगहॅमला गेलीस ती वर्षभरासाठी म्हणून. नातू जरा मोठा झाला की येते म्हणालीस. मी म्हटलं, जा, तुझा जाळ मी बघते. वर्ष गेलं, दुसरंही गेलं. मी काय करायची ऐक. माझ्या जाळातला निखारा उचलायचा, माझ्या पायरीवरून विचारायचं, ओडेटचं दार? मग चिमटा घेऊन धावत तुझ्या पायरीवर जायचं आणि तिथून मीच सांगायचं, उघडं आहे. गल्ली पोट धरून हसायची. लेऑन्स म्हणायचा, "त्या दारातला आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो बुवा." सगळ्यांना सांगायचे, येतेय ती, नाताळला येतेय, ईस्टरला येतेय. हसत होते तोवर चाललं. गल्लीने माझ्याकडे बघून डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. आणि मी दोन जाळांमध्ये पळत होते. इकडचा मासा उलटवला की तिकडचा करपे, तिकडे पंखा घातला की इकडचे पैसे न देता माणूस पसार. पाय रात्री बादलीत बुडवून ठेवायचे. पण तुझ्या दारातला जाळ विझू दिला नाही, हे मात्र मी छाती ठोकून सांगेन.

मग गेल्या महिन्यात मी घोटाळा केला. दुपारी तुझ्या वाटणीची तांबोशी कापून मीठ, लिंबू, थाइमचा पाला चोळून ठेवली, ती तुझ्या पद्धतीने, चिरांमध्ये बोट घालून. मग माझ्या घरी गेले, काहीबाही केलं, परत आले, आणि मासा समोर दिसला तशी पुन्हा चोळली. एकदा ओडेट म्हणून, एकदा फिलोमीन म्हणून. संध्याकाळी एका हॉटेलची बारा माणसं तुझ्या बाकावर बसली होती. पहिल्या घासाला सगळ्यांची तोंडं अशी झाली की एखाद्याने समुद्रच प्यायला असावा. लेऑन्सने गाणं थांबवून स्पीकरवरून विचारलं, "फिलो, तुझ्या बहिणीचा हात इतका जड कसा झाला गं, विमानात मीठच खायला देतात का?" सगळी गल्ली हसली. मा तितीन तेवढी हसली नाही. काठी टेकत उतरत आली, तुझ्या बाकावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरी, गल्लीचं नाव खराब होतंय. सणापर्यंत त्या दारातून खरा माणूस बोलू दे, नाहीतर मी निखारा पुढे पाठवीन. मला आवडेल म्हणून नाही पाठवणार." बंदरावरचा तो बिअरवाला तुझ्या जागेवर दोन फ्रीज ठेवायला टपून बसला होता. मला हे कळत नव्हतं असं नाही. मी ऐकून घेतलं आणि त्या रात्री तुझ्या घराची किल्ली गळ्यात असतानाच झोपले, म्हणजे झोपले कुठली, कूस बदलत राहिले.

उपाय नाकासमोर होता, त्याचाच तर राग. व्हर्नेटा म्हणून एक बाई गावात आली आहे, तू तिला पाहिलेलं नाहीस. सुफ्रिएर गावाच्या बाजूची, दोन लहान मुली पदरात, नवरा मोठ्या बोटीवर नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. बंदरामागे एका पत्र्याच्या खोलीत राहते. लांबी, म्हणजे शंखातलं ते चिवट मांस, झकास करते, तिच्या हातात ते लोण्यासारखं होतं, हे मी कबूल करते, पण वरून केचप ओतते, आणि ते मला सहन होत नाही. ती माझ्याकडे तीनदा आली होती. "मावशी, ते घर बंदच आहे, मला भाड्याने द्या, जाळही मी सांभाळीन." मी दर वेळी म्हटलं, घर बंद नाहीये, बाई बाहेर गेली आहे. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "दोन वर्षं बाहेर गेलेल्या बाईच्या पडद्यांना कसर लागली आहे, मावशी, जरा बघून घ्या." असा राग आला मला. बघितलं तर खरंच लागली होती.

या बुधवारी केर्विनचा फोन आला. बराच वेळ बोलला. फोन ठेवला आणि मला घरात थांबवेना, अंगणात थांबवेना. समुद्रापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. कोळी विचारायला लागले, मावशी काही हरवलंय का. मग मी सरळ बंदरामागे व्हर्नेटाच्या खोलीवर गेले आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. वाटलं होतं, बया रडेल, पाया पडेल. ती कुठली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, आधीच सांगते, मी ओडेटबाईंची नक्कल करणार नाही. मासा माझ्या पद्धतीने भाजीन आणि लांबीला केचप लावीन." मी म्हटलं, लाव बाई, काय लावायचं ते लाव, पण नाव विचारलं की उत्तर कुणाच्या दाराचं देशील? ती म्हणाली, "दार त्यांचंच आहे. मी फक्त आतून बोलेन."  तुझी जागा कुणी घेतली तर हातपाय तोडीन असं मी गावभर म्हणत फिरले होते, आणि आता तिच्याबरोबर तुझ्या पलंगाची गादी उन्हात टाकत होते.

काल तुझ्या घराच्या खिडक्या उघडल्या, आणि व्हर्नेटा मुलींसकट तिथे झोपायला आली. त्या मुलींनी तुझ्या स्वयंपाकघरातल्या निळ्या फळीला टेकून आपल्या उंचीच्या खुणा पेन्सिलीने केल्या. मी ओरडणार होते. नाही ओरडले. तुझा डोक्याचा लाल रुमाल खुंटीवर तसाच ठेवायला सांगितला आहे, त्याला कुणी हात लावणार नाही. तेवढं मात्र मी बजावलं.

आणि आज संध्याकाळी निखारा वरून उतरत आला. मी माझा घेतला. माझं दार उघडं आहे म्हणाले, जाळ लावला. मग चिमट्यात निखारा धरून उभी राहिले आणि पाय आपोआप तुझ्या पायरीकडे निघाले. व्हर्नेटा तिथे उभी होती. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या पायरीवर माझ्याशिवाय कुणी होतं. लेऑन्सने आवाज कमी केला.  मग विचारलं, "ओडेटचं दार?" तिने मुलींना जवळ ओढलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "उघडं आहे." मा तितीनने वरून काठी आपटली, म्हणजे मान्य. आता तुझ्या बाकावर माणसं मावत नाहीयेत. केचपही खपतंय, काय करणार. मी चाखून पाहिलं. वाईट नाहीये, पण हे तिला सांगू नकोस.

मघाशी लेऑन्सने घोडेवाल्याचं गाणं लावलं आणि मला ओढलं. "आज तुझा एकच जाळ आहे ना, मग ये." मी नाचले, ओडेट. अर्धं गाणं. मन थाऱ्यावर नव्हतं, दर गिरकीला तुझ्या दाराकडे बघत होते. तो म्हणाला, "अगं माझ्याकडे बघ की, मी इतका वाईट दिसतो का?" मी म्हटलं, हो. मग येऊन इथे बसले आणि हे लिहायला घेतलं, कारण आज पहिल्यांदा मला हे लिहिता येतंय.

केर्विनने बुधवारी काय सांगितलं ते तुला आठवणार नाही, म्हणून मी सांगते, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. तो म्हणाला, शुक्रवारी तिकडे अंधार पडायला लागला की तू उठतेस, डोक्याला टॉवेल बांधतेस, स्वयंपाकघरातला चिमटा घेतेस आणि निखारा कुठाय, निखारा पुढे गेला का, असं विचारत दारं उघडत सुटतेस. मागच्या शुक्रवारी तर तू थंडीत अनवाणी बसथांब्यावर सापडलीस, हातात चिमटा होता. तो फोनवर रडला. म्हणाला, मावशी, मी तिला काय सांगू? मी म्हटलं, तिला सांग जाळ पेटलाय. तो म्हणाला, मी सांगतो, ती विश्वास ठेवत नाही, म्हणते फिलोने सांगितलं तरच. आणि फिलोला तुझ्याशी खोटं बोलता येत नाही, कधी आलंच नाही. म्हणून आधी जाळ खरा केला, आता लिहितेय. केर्विन, बाळा, हे पत्र तू दर शुक्रवारी तिला वाचून दाखव, दर वेळी पहिल्यांदाच आल्यासारखं, आणि शेवटची ओळ जरा मोठ्याने वाच. ओडेट, निखारा तुला ओलांडून गेलेला नाही. मी स्वतः दिलाय, माझ्या चिमट्याने, आणि येत्या शुक्रवारीही देईन. चिमटा केर्विनच्या हातात दे. टॉवेल सोड. आता मी विचारते आणि तू खुर्चीतूनच उत्तर दे, उठायचं नाही: ओडेटचं दार?

तुझीच, शेजारच्या पायरीवरची,
फिलो