रिलिव्हरची वाट पाहणाऱ्या जागा

सेक्टर ६, भिलाई

प्रिय नरेशदादास,
सविनय जयभीम.

"रिलिव्हर आल्याबिगर जागा सोडाची नाई," म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस येईपर्यंत हलायचं नाही, असं बाबा तुला म्हणाले होते, तू प्लांटातल्या पहिल्या पाळीला निघालास तेव्हा. मी तुझा डबा धरून दारात उभी होते. ते वाक्य परवा आमच्या शाळेच्या सर्व्हरमध्ये सापडलं, म्हणून हे पत्र. आई कशी आहे? आणि तुझा मोतीबिंदू? डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून वर्ष होत आलं. (फोनवर विचारलं की "माय झोपली हाये" म्हणून तू ठेवून देतोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.)

तू बसवून दिलेला प्रॉक्सी सर्व्हर, इंटरनेटवरून एकदा आणलेलं पान जपून ठेवून साऱ्या लॅबला वाढणारा, हल्ली रोज मधल्या सुट्टीपर्यंत मेमरी भरून आडवा व्हायचा. आमच्या प्राचार्या खुशबू मॅडम यांनी मुलांच्या व्हिडिओंवर ठपका ठेवला. मी साठवलेली पानं पुसली, साठवणीची मर्यादा अर्ध्यावर आणली. मेमरी फुगतच राहिली. मॅडमनी नारळ सुचवला. मी नको म्हटलं, त्यांनी फोडला, पाणी की-बोर्डात गेलं. मग मी एकेक भाग बंद करून पाहत गेले. कोणाला काय पाहू द्यायचं हे ठरवणारा तुझा छोटा प्रोग्राम बंद केला आणि मेमरी गप्प बसली. उघडून वाचला, तर आत बाबांचाच नियम. मूल उठून गेलं तरी त्याची मेमरीतली जागा मोकळी करायची नाही, दुसरं कोणी येऊन ती घेईपर्यंत. पण दादा, येणारं मूल नवीच जागा घेतं. म्हणजे सकाळपासूनच्या सगळ्या जागा रिकामे डबे घेऊन रिलिव्हरची वाट पाहत बसलेल्या. (असा बिघाड कुठल्या पुस्तकात नसेल. तो करायला प्लांटाच्या कंट्रोल रूममध्ये आयुष्य काढावं लागतं.) मी एक ओळ घातली, काम झालं की घरी जा अशा अर्थाची. तेव्हापासून सर्व्हर ठणठणीत आहे. मॅडम श्रेय नारळाला देतात.

तुझी,
विजया

ता. क. की-बोर्ड मॅडमचाच होता.

पुन्हा ता. क. दिवाळीच्या सुट्टीत मी अहिवाऱ्याला येते. आईची औषधं, अंघोळ, तिची रात्रीची हाक, सगळं मला समजावून दे आणि दुर्गला जाऊन डोळा करून घे. "तुले जमत नाई," असं म्हणून तू मला परतीच्या बसमध्ये बसवशील, हे ठाऊक आहे. तरी तुझा प्रवासाचा डबा धरून दारात उभी राहीन. रिलिव्हर आली असं समज, आणि जागा सोड.