गोरक्षच्या पँटी

४ ऑक्टोबर
गोरक्ष उद्या येतोय! बॉर्डरवर सुरुंग फुटला, तवापासून मिलिटरी दवाखान्यातच हुता. डावा पाय गुडघ्याखालनं गेला. उजव्यातबी लोखंड घुसलेलं. बनुबाई सकाळपासून रडतीय. माजी बायको, त्याची आय, काय बोलावं — रडून पाय येतो व्हय? मी मशीनवर बसलो. पोराच्या सगळ्या सात पँटी घेतल्या, डावे पाय गुडघ्यापाशी कापले, दुमडून टीप मारली. लोंबत नको. झालं काम.

५ ऑक्टोबर
केडगावात ढोल, हार, फटाके! म्हनलं बंद करा, पोराला आधी आंघोळ करू द्या. मंडळाची पोरं म्हनतात, "टेलरमामा, तुमच्या एकट्याचाच हाय का तो?"
घरी पँट दिली. त्यानं उलटी करून टीप बघितली. "आबा, पुण्याला नवा पाय बसवनार हायेत. त्याच्यावर घालायच्या हुत्या या."
मला कुनी सांगितलं? मी तरी कुठं इचारलं!
"डाक्टरनं एकदाच कापला. तुमी सातदा."

८ ऑक्टोबर
गोरक्ष रुसलाय. पुण्याला जानारच न्हाई म्हनतो. बनुबाईचं दुसरंच — "उजव्या पायाची जखम वली हाय, वास येतोय. दाखवा की कुनाला." म्हनलं, लई करू नको. पट्टी चालू हाय, भरंल.

९ ऑक्टोबर
चिंध्यांच्या पोत्यातनं कापलेले तुकडे हुडकले. खाकीचा सापडंना. शेजारच्या मनकर्णानं उशीत भरायला नेलेला! तिची उशी उसवली. दारात कापूसच कापूस. "भाऊजी, येड लागलं का?" लागलं म्हनलं.

१२ ऑक्टोबर
सगळ्या जोडल्या. गुडघ्यावर शिवन दिसतीच. जल्मभर लोकांच्या कापडाचं फाटलेलं झाकलं, हे झाकंना.
गोरक्षनं शिवनीवर बोट फिरवलं. "वाकडी हाय आबा."
"डोळं गेलं माजं."
हसला! लई दिसांनी हसला. "जातो पुण्याला. खाकी भरा पिशवीत."

१६ ऑक्टोबर
गोरक्षला पुण्याच्या दवाखान्यात सोडून आलो. डाक्टर म्हनले, नव्या पायाचं मागनं बघू, आधी उजवा तपासू. बनुबाईनं माज्याकडं बघितलं.

१९ ऑक्टोबर
गोरक्षचा फोन. जखम हाडात गेलीय. उद्या उजवाबी काढनार.
मग म्हनला, "आबा, पँटीला कात्री लावू नका."
न्हाई लावत.