पुण्याच्या वेळेचा चंद्र

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी तुमच्याशी माझं एक भांडण मिटलेलं नाही. खरं तर ते कधी नीट झालंच नाही, कारण भांडायलाही समोरच्यानं ऐकून घ्यावं लागतं.

कारखान्यात तुमचं काम मापं तपासण्याचं. केसाएवढा फरक निघाला तरी तुम्ही भाग परत पाठवायचात आणि घरी येऊन अभिमानानं सांगायचात. मग दर संकष्टीला ही नजर कुठे जायची? पुण्यात दिलेली आत्या पाडव्याआधी टपालानं पंचांग पाठवायची. त्यात चंद्रोदयाची वेळ पुण्याची, आणि आई उपास सोडायची तीही पुण्याच्याच वेळेला, राजाजीनगरात राहून. बेंगळूर पूर्वेला, चंद्र इथे आधी दिसतो. उन्हाळ्यात तर वीस-पंचवीस मिनिटं आधी. शेजारच्या अक्का कुंपणावरून हाक मारायच्या, "चंद्र बंद, ऊट माडि." चंद्र आला, जेवा आता. आई नुसती हसायची. अक्कांच्या घरी भांडी घासून होत, तेव्हा आपल्याकडे पानं घेतली जात.

नववीत भूगोलाच्या बाईंनी पृथ्वीचं फिरणं शिकवलं, तेव्हा मला हे कळलं. घरी येऊन मी पंचांग चाळलं, तर मागच्या पानावर गावोगावचे फरक छापलेलेच होते. किती आनंदानं मी ते पान तुमच्यापुढे धरलं होतं.

"अण्णा, यातच लिहिलंय. आपल्याला वेळ कमी करून घ्यायची असते."

"ते ज्योतिष्यांसाठी असतं," तुम्ही पान न बघताच म्हणालात. "इतक्या पिढ्या इथे काढून आपलं म्हणून काय उरलंय आपल्याजवळ? हे एक पंचांग. त्यातही तुला चुका दिसतात? सुम्मने बैस, गप्प."

लहान तोंडी मोठा घास झाला होता. मी पंचांग मिटलं. पण हातच्या कांकणाला आरसा कशाला, अण्णा? मान वर केली असती तरी पुरलं असतं.

मग ती वैशाखातली संकष्टी. आईला दोन दिवस ताप होता, तरी उपास मोडला नव्हता. आपण तिघं गच्चीवर उभे आहोत. तेव्हा आजूबाजूला घरं कमी, पूर्वेला मोकळे प्लॉट. चंद्र वर येतो, तांबूस, पुरता दिसणारा. आई कठड्याला धरून उभी आहे.

"अण्णा, दिसतोय की."

"अजून सोळा मिनिटं आहेत," तुम्ही मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणता.

"स्वल्प थांबूया गं," आई मला म्हणते, "ते म्हणतायत ना."

आणि ती कोसळते. कठड्याची कड हनुवटीला लागते, रक्त येतं. तुम्ही धावलात, तिचं डोकं मांडीवर घेतलंत, हे मी नाकारत नाही. पण पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा तेच पंचांग उघडलंत, तीच वेळ वाचलीत, आणि आई हनुवटीवरचा व्रण घेऊन पुन्हा थांबली. तुमचा राग येतो तो या दुसऱ्या महिन्याचा. पहिल्याला मी चूक म्हणू शकले असते.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं. चंद्रोदयाचा धडा आला की ही गोष्ट मुलींना सांगायचे, तुमचं नाव न घेता. मुली हसायच्या, मीही हसायचे. या गोष्टीत शहाणी नेहमी मीच असायचे.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. मुलींना न सांगितलेलं एक तुम्हाला सांगते. त्या रात्री नैवेद्याच्या मोदकांची वाटी माझ्या हातात होती. आई माझ्यापासून हातभर अंतरावर होती. चंद्र मला दिसत होता, आणि मी तुमच्या घड्याळाकडे बघत उभी होते.