मुरगूडच्या गोडाऊनातली जोडी

उचगाव,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप क्रांतीवन्सं,

श्यामलचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता, की कपाटात ठेवलाय? इकडं सगळं ठीक. उन्हाळा तोंडावर आला, शेतावरच्या मोटारी जळायला लागल्या, त्यामुळं आपल्या वाइंडिंगच्या दुकानात मला मान वर करायला सवड नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हां, हां' करते. या वेळी मला बोलायचंय.

आधी स्पीकरचं सांगते.

दिवाळी झाल्यावर जोतीराम शेळके म्हणून एक गृहस्थ दुकानात आले. राहायला कळंब्याला. मुरगूडची टॉकीज बंद पडेपर्यंत तिथं मशीनवर होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी पिशवीतून नारळाएवढी जळकी गुंडाळी काढून टेबलावर ठेवली.

"वैनी, हे पंपाचं न्हाय, स्पीकरचं हाय. जमंल काय?"

स्पीकरच्या मागं काळं लोहचुंबक असतं, एवढंच मला ठाऊक. ते म्हणाले, जुन्या स्पीकरांत ते नसायचं. तारेच्या गुंडाळीत वीज सोडायची, की तिचंच चुंबक व्हायचं. टॉकीजचे हे दोन स्पीकर सत्तर वर्षांपूर्वी विलायतेहून आलेले. माणसाच्या उंचीची लाकडी खोकी, वर पत्र्याचा कर्णा. टॉकीज पाडली तेव्हा भंगारात गेले, असं जोतीराम सोडून सगळे समजत होते. ते निघाले मुरगूडातच, पारस मगदूम यांच्या गुळाच्या गोडाऊनात, पोत्यांच्या ढिगामागं.

मी बघायला गेले. एका स्पीकरच्या कर्ण्यात मांजरीनं पिल्लं घातलेली! पारस मगदूम दारात आडवे उभे. "पिल्लं चालायला लागल्याबिगर खोकं हलायचं न्हाय," म्हणाले. जोतीरामांनी लगेच मान डोलावली. वर कुठून तरी वाटी आणून मांजरीला दूध ठेवलं. मला गंमत वाटली. तीस वर्षं हुडकत असलेली वस्तू समोर, आणि माणूस मांजरीला दूध पाजतोय.

तर महिनाभर थांबणं आलं. तेवढ्यात पहिली गुंडाळी मी करायला घेतली. तार केसासारखी, वेढे हजारो. जोतीराम "कुठवर आलं?" विचारायला आठवड्यातनं चारदा यायचे. पाचव्या दिवशी शेवटच्या थराला तार तुटली, तीही अशी आत, की सगळं उकलावं लागणार. मी डोक्याला हात लावून बसले. जोतीराम आले. समोरच्या खुर्चीत बसले आणि दुपारभर ती तार हळूहळू उलगडत रिळावर घेत राहिले.

वन्सं, तुमचे भाऊ गेल्यापासून नऊ वर्षांत त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं, आणि मी उगाच मोटारीचं कारण काढून दुकान लवकर बंद केलं.

दुसऱ्या खेपेला तार तुटली नाही. पिल्लं चालायला लागली, दुसरा स्पीकरही आला. स्पीकरच्या आतले, उंदरांनी कुरतडलेले कागदी पडदे जोतीरामांनी पातळ कागद आणि डिंक लावून सांधले. मी दुसरी गुंडाळी केली. लाकडाला तेलपाणी झालं. गेल्या रविवारी सकाळी दोन्ही खोकी अंगणात उभी केली, कारण दुकानात मावेनात. पहिल्यांदा सनई लावली. काय सांगू तुम्हांला! वाजवणारा मध्येच श्वास घेतो, तोसुद्धा ऐकू येत होता. शेजारची बायडाबाई तव्यावरची भाकरी टाकून धावत आली. "अगं, कोण आलंय वाजवायला?" म्हणून अंगणभर शोधत होती. मी टाळ्या वाजवल्या, लहान पोरीसारख्या.

मग माइक तपासायचा होता. जोतीराम दुकानात माझ्यासमोर माइक घेऊन उभे. बटण बंद आहे, अशी त्यांची समजूत. एकदम म्हणाले, "श्यामलबाई."

इतके दिवस 'वैनी' म्हणणारा माणूस! आणि ते 'श्यामलबाई' बाहेर दोन्ही कर्ण्यांतून सगळ्या गल्लीत गेलं. ते इतके घाबरले, की थांबायचं सोडून उरलेलं एका दमात बोलून मोकळे झाले.

"रोज कळंब्याहून यायचं आन् सांजचं परत जायचं, मला आता परत जाऊ वाटत न्हाय. लगीन करूया की!"

मग बायडाबाई ओरडली, "व्हय म्हण की गं श्यामले!"

मी बटण बंद करायला माइक हातात घेतला, आणि माझ्या तोंडून 'व्हय' गेलं. तेही गल्लीनं ऐकलं.

तर हे सांगायचं होतं. चार पानं स्पीकरवर घालवली, कारण इथवर यायला हात धजत नव्हता.

तुमचे भाऊ गेले तेव्हा सगळे म्हणत होते, दुकान विका, बाईमाणसाला झेपायचं नाही. बाराव्या दिवशी सगळ्यांदेखत तुम्ही किल्ली माझ्या मुठीत ठेवलीत. मला मूलबाळ नाही, माहेर राहिलेलं नाही. माझं म्हणावं असं माणूस तुम्ही. म्हणून तुम्हांला परवानगी मागत नाही, खरं ते सांगते: मी आनंदात आहे, आणि त्याची मला तुमच्यापुढं लाज वाटते.

शुक्रवारी, ७ मार्चला नोंदणी आहे. संध्याकाळी पारस मगदूम गोडाऊन रिकामं करून देणार आहेत, मुरगूडकरांना स्पीकर ऐकवायला. तुम्ही याल का? आणि त्या दिवसानंतर तुम्हांला कोणत्या नात्यानं हाक मारायची, तेवढं कळवा.

अजून तरी तुमची भावजय,
श्यामल

*

निपाणी,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

चि. श्यामल हिला अनेक आशीर्वाद.

पट्टा कपाटात आहे.

तुझ्या पत्राच्या आधी बातमी आली. उचगावच्या कर्ण्यावर जे झालं, ते मुरगूडच्या बाजारातनं इथं यायला दोन दिवस लागले. मी फोन केला नाही, तो राग नव्हता. बघत होते, तू आपणहून सांगतेस का. सांगितलंस. बरं वाटलं.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला घास गेला नाही. त्र्यंबक माझा धाकटा भाऊ. मग दुसऱ्या दिवशी आठवलं, त्याच्या मागं फोनवर मी तुला कधी हसताना ऐकलं नव्हतं, आणि दिवाळीनंतर तू दोनदा हसलीस. काय झालं विचारलं, तर मांजराच्या पिल्लांचं काहीतरी सांगितलंस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्र्यंबकचा फोटो दुकानात राहू दे, असं लिहिणार होते. लिहिलं आणि खोडलं, दिसतंय बघ वर. दुकान तुझं, भिंत तुझी.

माझ्यापुढं लाजायचं काही कारण नाही. लाजायचंच असेल तर गल्लीपुढं लाज.

नोंदणीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळच्या एसटीनं येते. साडी घेऊ नकोस, मी आणते, मोठ्या काठाची इरकल. जोतीरामांना स्टँडवर पाठव, गुडघ्यामुळं मला उतरताना हात लागतो. त्यांना काय म्हणायचं, ते मी त्यांचं तोंड बघून ठरवीन. तू मला काय म्हणायचं, यात ठरवण्यासारखं काही नाही.

तुझी वन्सं,
क्रांती