तिसऱ्या पानावरचं नाव

जालना,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६८

ती. अक्कास,
जगूचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या भावजयीचा, सुहासिनीचा खोकला गेला, बोलणं मात्र तसूभर कमी झालं न्हाई. तू धाडलेलं लोणचं पोचलं. बरणी कचरू गाडीवाल्याच्या हाती परत पाठवतोय. थंडी बराबर पडली आहे. टेंभुर्णीत तूर कशी काय?

तू म्हणशील, जगू, तुरीचं पुरे, फैसल्याचं सांग.

आपण हरलो, अक्का.

भाऊजींच्या माघारी त्यांच्या वाट्याची जमीन तुझ्या नावे होणार न्हाई. ती तुझ्या दिरांची, काकासाहेबांचीच राहणार. तुला जन्मभर अन्नवस्त्र आणि राहायला मागची खोली. म्हणजे डाळ निवडायची तू आणि ताटात वरण किती वाढायचं ते जाऊबाईंनी ठरवायचं. वीस वर्षं ते घर सांभाळलंस त्याचं हे असं झालं.

आपल्या आधी कादराबादच्या हमीदाबीचा मुकदमा होता. तोही माझ्याकडेच. तिचा विणकर नवरा वारला आणि दिरांनी तिला घराबाहेर काढलं होतं. मुन्सिफसाहेबांनी दिरांना एकच विचारलं, निकाह झाला होता ना? झाला होता. मंग आठवा हिस्सा तिचा, बाकीचा तिच्या लेकरांचा. शरीयतच तशी. अर्ध्या तासात बाई डोळे पुसत घरी गेली, आणि मी मोठ्या ऐटीत तुझे कागद काढले.

मी म्हणालो, हुजूर, राज्य एक, रयत एक. मंग एका विधवेला वाटा आणि दुसरीला नुसतं ताट, हा कुठला इन्साफ? इंग्रजी मुलखात हिंदू विधवेला हक्क मिळून नऊ वर्षं झाली!

मुन्सिफसाहेब भला माणूस. चष्मा काढून म्हणाले, "वकीलसाब, मेरा दिल तो देने को बोलता. मगर किस किताब से दूं? आपका धरमशास्तर देता नहीं, और उसमें हात डालना मेरा काम नहीं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकासाहेबांच्या वकिलांनी एक जुना कागद पुढे ठेवला.

इथं आलो की हात थांबतो. मघा उठून दोनदा पाणी पिऊन आलो.

चार वर्षांमागे सरकारातून विचारणा झाली होती, हिंदू विधवांसाठी इंग्रजी मुलखासारखा कायदा आपल्याकडे आणावा का? आम्ही जालन्याचे बारा हिंदू वकील जमलो आणि जबाब धाडला, की मुसलमान राज्यकर्त्यांनी आमच्या धर्मात हात घालू नये, आमचं आम्ही पाहून घेऊ. टाळ्या पडल्या, चहा झाला. जबाब उर्दूत लिहायचा होता. तो मी लिहिला.

ज्याचा धर्म त्याच्या हाती, हे तत्त्व मला आजही बिलकुल खोटं वाटत न्हाई. पण 'आम्ही' म्हणताना त्या खोलीत बाई एकही नव्हती. भाऊजी तेव्हा धडधाकट होते. तुझी आठवणसुद्धा झाली न्हाई मला, अक्का. देवाशपथ सांगतो, झाली न्हाई.

मुन्सिफसाहेबांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. फैसल्यात मात्र तिसऱ्या पानावर तो अख्खा उतरवला, नावांसकट.

फैसल्याची नक्कल सोबत आहे, उर्दूत. तुमच्या घरात कुणाला वाटणार न्हाई की तुला ती वाचता येईल. पण मी शाळेतलं अलिफ-बे गिरवायचो तेव्हा शेजारी बसून तू माझ्याआधी शिकलीस आणि मंग कान पिळून मला शिकवलंस. तिसरं पान तू वाचणारच. त्याआधी माझ्या तोंडून कळावं, म्हणून हे लिहून राह्यलो.

वर अपील करता येईल, पण तिथंही हाच कागद पुढे येणार. इकडे ये म्हणतो, तर इथंही ताट सुहासिनीच वाढणार. काय करू, मला काही सुचत न्हाई.

उत्तर लिहिलंस तर उर्दूत लिही, म्हणजे शिव्या मनमोकळ्या देता येतील. न लिहिलंस तरी बरणी पोचल्याचं तेवढं कचरूला सांग.

तुझाच,
आणि त्या कागदावर सर्वांत आधी सही करणारा,
जगू